रोखीच्या माणसांची पत

मला बाजारात पत नाही, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते अकोल्यातल्या एका दुकानाच्या माणसाने, आणि तेही खुर्चीत रेलून, दात कोरत. मी तेव्हा नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. पगार वेळेवर हातात पडत होता. गावात कोणाचं एका आण्याचं देणं नव्हतं. आणि हा मनुष्य मला म्हणतो, "बाई, भरवसा कशावर ठेवायचा? बाजारात तुमचं कुठं काहीच नाही." वयाबरोबर राग निवत जातो असं म्हणतात. माझा हा राग काही निवला नाही, आणि तो निवावा असं मला वाटतही नाही.

आम्ही मूळचे अमरावतीचे, माळ्याच्या घरातले. गावाबाहेर वडिलांचा आणि काकांचा मिळून मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, दसऱ्या-दिवाळीला झेंडू. वडील गेले तेव्हा मी लहान होते आणि बहीण माझ्याहून लहान. मळा काकांनी कसायला घेतला आणि मग तो हळूहळू त्यांचाच झाला. आमच्या वाट्याचं म्हणून ते वर्षाकाठी मनाला येईल ते आणून द्यायचे, आणि देताना असे द्यायचे की घेणाऱ्याने पाया पडावं. आईला आम्ही माय म्हणायचो. माय पाया पडली नाही. काकांच्याच मळ्यातली भाजी ती इतर बायांसारखी दाम मोजून घ्यायची, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायची, आणि त्या टोपलीवर तिने आम्हा दोघींना मॅट्रिक केलं.

मायचा सगळा व्यवहार रोखीचा. संध्याकाळी उठताना कमरेच्या पिशवीत जे असेल त्यातून तेल-मीठ घ्यायचं, नसेल तर घ्यायचं नाही. एका दिवाळीला घरात साखर नव्हती, तर तिने गूळ घालून करंज्या केल्या, पण दुकानदाराला "लिहून ठेवा" म्हणाली नाही. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता. आम्हालाही होता. आपण गरीब असलो तरी कोणासमोर मान खाली घालत नाही, हे आम्ही दोघी तिच्याकडून शिकलो, आणि मला अकोल्यात नोकरी लागली तेव्हा तीच शिकवण घेऊन तिघी अकोल्याला आलो. कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. मी जायची, सामान घ्यायची, पैसे मोजायची, यायची. दुकानदार कागदाच्या चिटोऱ्यावर बेरीज करायचा आणि चिटोरा फेकून द्यायचा. आम्ही त्या दुकानात येतो-जातो याची खूण कुठे उरत नव्हती, आणि उरायला हवी असं आम्हाला कधी वाटलं नाही.

आता बहिणीचं. तिने मॅट्रिकनंतर अमरावतीला टाइपिंगची परीक्षा दिली होती आणि तिचा हात फार चांगला होता. पण कचेऱ्यांमधून तिला नकारच मिळाला. एका साहेबाने तर सांगितलं की मुलीला बसवायला आमच्याकडे वेगळी जागा नाही. जणू ती माणसाएवढी जागा घेणार नव्हती, आख्खी खोली घेणार होती. इकडे काकांनी मूर्तिजापूरचं एक स्थळ आणलं. मनुष्य कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. बिजवर, पहिली बायको गेलेली, दोन मुलं, वय बहिणीच्या जवळजवळ दुप्पट. हुंडा मागत नव्हता, हा काकांच्या मते त्याचा मोठा गुण. बहीण त्या दिवशी जेवली नाही. मायने काकांना हो म्हटलं नाही, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. रात्री आमच्याजवळ मात्र बोलली, "पोरीच्या हाताले काम असंल तं मी तोंडावर नाई म्हनीन. काम नसंल तं कोनाच्या भरवशावर नाई म्हनू?"

आणि काम मिळायची वेळ आली. आमच्याच गल्लीत एक वयस्क वकील राहायचे. त्यांचा टाइपिस्ट सरकारी नोकरी लागून नागपूरला गेला. माझ्याकडून त्यांना बहिणीचं कळलं तेव्हा त्यांनी तिचा हात पाहिला आणि म्हणाले, मुलीकडे स्वतःचं मशीन असेल तर मी कागद घरी पाठवीन, आणखी दोघा-तिघा वकिलांचेही मिळवून देईन. दिवाळीच्या सुटीनंतर कोर्ट उघडेल, तोवर मी बाजारातल्या माणसाकडून भागवतो. म्हणजे सगळं एका टाइपरायटरवर येऊन ठेपलं. मशीन असेल तर बहीण आमच्याजवळ राहील आणि आपल्या हाताने कमावेल. नसेल तर मूर्तिजापूर.

जुनं, दुरुस्त केलेलं मशीनसुद्धा माझ्या चार-पाच पगारांएवढं होतं. पण ते हप्त्याने मिळायचं. टाइपरायटर, रेडिओ, सायकली विकणारं हे दुकान मूळ अमरावतीचं, अकोल्यात त्याची शाखा. मी पगाराचा दाखला घेऊन मोठ्या तोऱ्यात गेले. मला वाटलं, नगरपालिकेचा पक्का पगार, कोणाचं देणं नाही, याहून चांगलं गिऱ्हाईक यांना मिळणार कुठे? दात कोरणाऱ्या त्या माणसाने दाखल्याकडे पाहिलंही नाही. पहिला प्रश्न विचारला, घरात पुरुष कोण? मी म्हटलं, कोणी नाही. मग म्हणाला, गावातल्या दोन व्यापाऱ्यांकडे तुमची खाती असतील, त्यांची नावं सांगा, आम्ही विचारून घेऊ. मी म्हटलं, माझं खातं कुठेच नाही, मी रोख घेते. तेव्हा तो ते वर लिहिलेलं वाक्य बोलला. वर सल्लाही दिला: एखाद्या किराणा दुकानात खातं काढा, दिवाळीपर्यंत चालवा, मग या.

म्हणजे ज्याने कधी उसनं घेतलं नाही त्याला उसनं देता येत नाही. आधी कुठेतरी उधार करा, मग आम्ही उधार देऊ. परवा आमच्या शेजारची मुलगी, चांगली नोकरी करणारी, तणतणत घरी आली. बँकेने तिला क्रेडिट कार्ड नाकारलं, का, तर तिने आजवर कर्जच घेतलेलं नाही, तिची काही माहिती कुठे नाही. ती मला समजावून सांगत होती की हे सगळं संगणकामुळे झालंय. मी तिला म्हटलं, बाळ, हे संगणकाच्या आधीपासूनचं आहे. फक्त तेव्हा संगणक दात कोरायचा.

मी खातं काढलं. हातातल्या पिशवीत पैसे असताना किराणा दुकानदाराला "लिहून ठेवा" म्हणताना माझे कान तापले. त्याला मात्र फार आनंद झाला. त्याने वहीत आमच्यासाठी पान घातलं, आणि इतके दिवस मला नुसतंच सामान बांधून देणारा हा मनुष्य त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला, "बसा ना बाई." पुढे त्याच्याकडे चांगली डाळ आली की तो आमच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागला. उधारीवर घेणाऱ्याला चांगली डाळ आणि रोख देणाऱ्याला किडकी, हेही मला तेव्हाच कळलं.

घरी मायने महाभारत मांडलं. तिला मी मशीनच्या दुकानातल्या माणसाची अट सांगितली, पुन्हा सांगितली, तिच्या डोक्यात शिरेना. "पैसे हायेत ना तुयापाशी? मंग कावून नाई देत?" तिचं आपलं हेच. उधारीच्या डाळीचं वरण तिला पचेना. ती जेवताना पानाकडे असं पाही की जणू ते शेजाऱ्याचं चोरून आणलंय. महिन्याला मी थोडे थोडे पैसे भरत होते आणि थोडी बाकी राहत होती, आणि ती बाकी मायच्या उरावर बसली होती.

दिवाळी आली. व्यापारी लोक पाडव्याला नव्या वह्या घालतात, हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्या मनात एकच विचार, नव्या वर्षात आपली बाकी जाता कामा नये. माझ्या डोक्यात त्यात आणखी एक हिशेब होता. मशीनच्या दुकानाचा माणूस चौकशीला येईल तेव्हा किराणावाला म्हणेल, बाईंनी पै अन् पै चुकती केली. याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं? धनत्रयोदशीच्या दिवशी मी आणि माय चांगली लुगडी नेसून दुकानात गेलो. होती नव्हती तेवढी सगळी बाकी मी पाटावर ठेवली. मायने तर स्वतः पुढे होऊन सांगितलं, "आता आमच्या नावावर रेघ मारा. काई ठेवू नका."

दुकानदाराचा चेहरा उतरला. त्याने विचारलं, "काई चुकलं का बाई आमचं?" मी हसून म्हटलं, छे, तुमचं काय चुकायचं. त्याने पुन्हा विचारलं, मायलाही विचारलं. आम्हाला वाटलं, रीत म्हणून विचारतो आहे. शेवटी त्याने पैसे घेतले, आडवी रेघ मारली, आणि आम्हाला निरोपाचा नमस्कार करावा तसा नमस्कार केला. आम्ही दोघी घरी आलो त्या अगदी हलक्या होऊन. मायने त्या दिवशी पोटभर वरण-भात खाल्ला.

लक्ष्मीपूजनाला गल्लीतल्या बहुतेक घरांना त्या दुकानातून पानसुपारीचं बोलावणं आलं. आम्हाला आलं नाही. मला चुटपुट लागली, पण मी मनावर घेतलं नाही.

दिवाळीनंतर मी मशीनच्या दुकानात गेले. त्या माणसाने चौकशी केलेली होती. म्हणाला, "बाई, तुम्ही तर गाव सोडून चालल्या." मला काही कळेना. मग त्याने सांगितलं की किराणावाल्याने कळवलं आहे, बाईंचं खातं होतं, ते त्यांनी पाडव्याच्या आधी कोरं करून बंद केलं, बदली झाली असेल. उद्या तुम्ही मशीन घेऊन दुसऱ्या गावी गेल्यावर आम्ही हप्ते कोणाकडे मागायचे? नगरपालिकेच्या शाळेतून परगावी बदली होतच नाही, म्हणून मी सांगितलं. हेडमास्तरीणबाईंची चिठ्ठी आणते म्हटलं. तो मान हलवत राहिला.

मी तिथून जी निघाले ती तडक किराणा दुकानात. गिऱ्हाइकं होती, तरी मी त्यांच्यासमोरच विचारलं, माझ्याविषयी खोटं का सांगितलं? दुकानदार बिचारा माझ्याहून जास्त दुखावलेला निघाला. त्याने जे सांगितलं ते ऐकून मी पाटावरच बसले. म्हणाला, पाडव्याच्या तोंडावर कोणी खातं पुरतं कोरं करतं का? सगळे लोक रुपया-सव्वा रुपया तरी बाकी ठेवतात. ती बाकी नव्या वहीत जाते, म्हणजे गिऱ्हाईक नव्या वर्षात येणार. कोरं दोघंच करतात, ज्याला गाव सोडायचं तो, नाहीतर ज्याचं दुकानाशी बिनसलं तो. "तुमी तं रेघ मारा म्हनून सांगतलं बाई. माह्या बायकोनं मले इचारलं, तुमी मास्तरीनबाईले काय बोलले म्हनून. म्या दिवाळीत बोलावनं कोन्या तोंडानं पाठवू?"

म्हणजे आम्ही त्याचा अपमान केला होता. पैसे पुरते देऊन. मी आजही ही गोष्ट कोणाला सांगते तेव्हा लोक हसतात, आणि मीही वरवर हसते. पण आतून मी संतापलेलीच असते. व्यापाऱ्यांची ही रीत गल्लीतल्या प्रत्येक घराला ठाऊक होती, कारण प्रत्येक घर पिढ्यानपिढ्या देणेकरी होतं. आमचंच एक घर असं की ज्याला देणं कसं ठेवावं हे येत नव्हतं. ते आम्हाला कोणी शिकवलं नाही, आणि शाळेत मी मुलींना शिकवत होते की घेतलेलं वेळेवर परत करावं.

वकीलसाहेबांचं कोर्ट उघडलं. ते आणखी थोडे दिवस थांबायला तयार झाले, पण किती थांबणार? तेवढ्यात काका अमरावतीहून आले, मूर्तिजापूरच्या लोकांना काय कळवू ते विचारायला. बोलता बोलता मशीनची गोष्ट निघाली. काका म्हणाले, एवढंच ना? माझ्याबरोबर चला.

आता काकांविषयी सांगते. अमरावतीत कापडवाला, बियाणंवाला, सराफ, ज्याच्या त्याच्याकडे काकांची बाकी होती. वर्षानुवर्षं होती. काकांनी कुठलंही खातं जन्मात कोरं केलं नसेल, करण्याची त्यांची इच्छाही नव्हती. जुन्या वहीतून नव्या वहीत त्यांचं नाव दरवर्षी सन्मानाने जात होतं. मशीनच्या दुकानाच्या माणसाने काकांचं नाव ऐकलं, अमरावतीला विचारून घेतलं, आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी एका तोंडाने सांगितलं की जुनं घर आहे, बेलाशक द्या. मशीन दुसऱ्याच आठवड्यात आमच्या घरी आलं. अट एवढीच की खातं काकांच्या नावावर राहील. हप्ते आम्हीच भरायचे, पण पावती काकांच्या नावाने फाटेल. माझा पगार त्या माणसाला दिसला नव्हता, काकांची बाकी मात्र दिसली. मी दातओठ खात कबूल झाले. बहिणीसाठी मी त्या वेळी आणखीही काही कबूल केलं असतं.

बहिणीने मात्र कमाल केली. आम्ही खिडकीपाशी टेबल लावलं. सकाळी वकिलांचा माणूस कागद टाकून जायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. चुका नाहीत, खाडाखोड नाही. वकीलसाहेबांनी शब्द पाळला आणि आणखी कामं आणून दिली. पहिल्या महिन्याचा हप्ता तिच्याच कमाईतून निघाला, पुढचे सगळेही तिच्याच. मी दर महिन्याला दुकानात जायची, पैसे मोजायची आणि काकांच्या नावाची पावती घेऊन यायची. मायने काकांना मूर्तिजापूरचं नाही म्हणून सांगितलं, तोंडावर सांगितलं, आणि त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी झाली.

अशी दोनेक वर्षं गेली. तिकडे अमरावतीत काय चाललं होतं ते आम्हाला नंतर कळलं. मशीनचे हप्ते दर महिन्याला बिनचूक येतात म्हणून दुकानाने काकांना रेडिओ हप्त्यावर दिला. मग सायकल दिली. काका पारावर बसून सांगायचे की अमुक दुकानात माझ्या शब्दाला किंमत आहे. माझी बहीण पाठ दुखेपर्यंत बोटं चालवत होती आणि पत वाढत होती काकांची. मी एकदा आमच्या शाखेत विचारलं, मला एक पंखा हप्त्याने हवा आहे, मिळेल का? तोच मनुष्य, तीच खुर्ची. ज्या बाईच्या हातून त्याने इतके महिने पैसे घेतले तिला तो म्हणाला, "तुमच्या नावावर आमच्याकडे काही नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण खरा तडाखा पुढे होता. शेवटचा एकच हप्ता राहिला तेव्हा काका आले, ते पेढे घेऊन. मूर्तिजापूरच्या माणसाचं दुसरं लग्न अजून झालेलं नव्हतं. त्याला अर्ज लिहून लिहून कंटाळा आला होता, आता त्याला टाइप करून द्यायचे होते. काकांनी शब्द देऊन टाकला होता की पोरगी मशीनसकट येईल. मायने म्हटलं, मी तर नाही सांगितलं होतं. काका शांतपणे म्हणाले, "वयनी, मशीन कोनाच्या नावावर हाय? शेवटला हप्ता भरला का मी ते मूर्तिजापूरले नेऊन टाकतो. पोरगी राहीलच कशी मंग इथं? तिचं काम तं मशीनवर हाय." हे सगळं ते बहिणीसमोर बोलले. ती टाइप करत होती. तिने हातातला कागद पुरा केला, काढला, आणि आत जाऊन काकांसाठी चहा टाकला.

काका गेल्यावर मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण शेजारीण बघायला आली होती. वकीलसाहेबांनाही विचारून झालं. ते म्हणाले, पावत्या त्यांच्या, करार त्यांचा, कोर्टात जाल तर बहीण म्हातारी होईल. बहीण मात्र विचार करत होती. दोन दिवसांनी तिने मला सांगितलं, "ताई, शेवटचा हप्ता भरू नको." मी चमकले. ती म्हणाली, तो भरला की रेघ मारली जाईल आणि मशीन काकांचं होईल. नाही भरला तर मशीन दुकानाचंच राहील, आणि दुकानाच्या परवानगीशिवाय ते या पत्त्यावरून हलवता येत नाही, असं करारात आहे. एका हप्त्यासाठी दुकान जुनं मशीन उचलणार नाही, आधी खातेदाराला धरेल. तिने करार वाचला होता. वकिलांचे करार टाइप करून करून तिला ते वाचता यायला लागले होते.

सर्वात अवघड होतं मायला पटवणं. जिने गुळाच्या करंज्या केल्या पण उधार घेतलं नाही तिला सांगायचं की पैसे घरात आहेत आणि आपण ते मुद्दाम द्यायचे नाहीत. हप्त्याचे पैसे तिने फडक्यात बांधून देवापाशी ठेवले आणि रोज त्यांच्याकडे बघत बसायची. तारीख उलटली त्या दिवशी ती रडली. मला वाटलं, ही आता स्वतः जाऊन भरून येणार. सकाळी तिने बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "राहू दे देनं. तुयासाठी राहू दे." माझ्या मायने आयुष्यात एवढं मोठं दान कोणाला दिलं नसेल.

दुकानाचा माणूस आमच्या दारात आला. मी त्याला पाणी दिलं आणि गोड आवाजात सांगितलं, साहेब, खातं आमच्या नावावर नाही, तुम्हीच म्हणाला होतात. खातेदार अमरावतीला असतात. तो पुढच्या महिन्यात पुन्हा आला, मी पुन्हा तेच सांगितलं. मग अमरावतीचं मूळ दुकान काकांच्या मागे लागलं. माणूस मळ्यावर गेला, मळ्यावर काका सापडले नाहीत तेव्हा भर बाजारात गेला. रेडिओ उचलून नेऊ म्हणाला. ते ऐकून कापडवाल्याने बाकी मागितली, कापडवाल्याचं ऐकून बियाणंवाल्याने. इतकी वर्षं जी पत उभी होती ती एका हप्त्याने डगमगली. काका पहिल्या गाडीने अकोल्याला आले. घामाघूम झाले होते. आम्हाला शिव्या दिल्या, मग मायला विनवलं, मग म्हणाले, दुकानात चला आणि भरून टाका.

आम्ही चौघे दुकानात गेलो. फडक्यातले पैसे बहिणीच्या हातात होते. त्या माणसाने पावतीपुस्तक उघडलं आणि काकांचं नाव लिहायला घेतलं, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "काका, तुमी तुमचं नाव काढून घ्या. खातं माह्या नावावर होऊ द्या, आता भरतो मी. नाई तं रेडिओ जाऊ द्या." काका माझ्याकडे पाहायला लागले. मी छताकडे पाहत होते. काकांनी सही करून खातं सोडलं, कारण रेडिओ त्यांना पुतणीपेक्षा जवळचा होता.

आता तरी सरळ व्हावं की नाही? पण नाही. त्या माणसाने नवा करार काढला, त्यावर बहिणीचं नाव घातलं, आणि थांबला. म्हणाला, नवीन खातं आहे, नवीन गिऱ्हाईक आहे, जामीनदार लागेल. एका हप्त्यासाठी. तो हप्ता टेबलावर त्याच्या पुढ्यात पडलेला असताना. मी तोंड उघडणार तेवढ्यात बहिणीने आपले दोन्ही हात त्या कागदावर ठेवले. बोटांची टोकं मशीनने चपटी झाली होती, शाईने काळी झाली होती. ती म्हणाली, "आजवरचे सारे हप्ते याइनंच भरले. हेच जामीन लिहा."

त्याने पैसे मोजून घेतले, बहिणीच्या नावाने पावती फाडली आणि करारावर रेघ मारली. बहीण पावती घेऊन बाहेरही पडली. मी मागे राहून करार नीट वाचला. जामीनदाराच्या जागी त्याने काकांचं नाव लिहिलं होतं, आणि आमचं लक्ष पावतीकडे असताना काकांनी सही केली होती. मी म्हटलं, हे खोडा. तो म्हणाला, "बाई, ती जागा मोकळी ठेवता येत नाही. कोणीतरी पत असलेला माणूस लागतोच."